मालूआत्याचा हुंकारा

रंजिता महाजनला एक खोड होती. ती तिला कधीतरी महागात पडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त किती महागात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोरीला मनातल्या मनात विचार करताच यायचा नाही. डोक्यात काही शिजायला लागलं की तोंड सुरू. भाजी चिरताना, स्कूटी चालवताना, अगदी न्हाणीघरातूनसुद्धा आवाज यायचा, "मग आय एकनं वाढवला, मग परत वर गेलो, मग परत खाली आलो..." बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभे असलेले तिचे वडील, प्रकाश मास्तर, दार ठोकायचे. "वर-खाली करून झालं असेल तर बाहेर ये बेटा, माझी असीरगढची बस जाईल."

पण पोरीचाच काय दोष? मास्तरांचं घर बऱ्हाणपुरातल्या इतवाऱ्यात. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि भिंतीला भिंत लावून अन्सारीचाचांचे आठ पॉवरलूम. सकाळी सातला लूम सुरू झाले की फळीवरची भांडी जागची हलायची. अशा खटखटाटात वाढलेलं लेकरू मोठ्यानं बोलणार नाही तर काय कुजबुजणार? तिच्या आईला, निर्मलाबाईंना, दुसऱ्याच्या घरी गेलं की शांततेनंच डोकं दुखायचं.

रंजिता बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं हे तिनं अकरावीतच ठरवून टाकलेलं. मोहल्ल्याला त्यातलं एवढंच कळलं होतं की मास्तरांची पोरगी "कंप्युटरचं करते". त्यामुळे ज्याचा प्रिंटर अडला तो तिच्या दारात, ज्याच्या आधार कार्डात नाव चुकलं तो तिच्या दारात, आणि एकदा एक काकू चक्क मिक्सर घेऊन आल्या. आता तो मिक्सर रंजितानं सुरू करून दिला, ही गोष्ट वेगळी. पण त्यानं गैरसमज आणखीच वाढला.

तिची खरी तयारी दोन वर्षांपासून चालली होती योगेंद्रसरांकडे. सर तीन वर्षं पुण्यात नोकरी करून गावी परत आलेले, आणि एका मावा जिलबीच्या दुकानाच्या माळ्यावर क्लास घ्यायचे. खालून तुपाचा वास, वर फळ्यावर प्रोग्रॅम. चार वाजले की निम्म्या वर्गाचं लक्ष कढईत. सरांचा एकच नियम होता आणि तो ते दर दिवशी म्हणायचे, "जो समझा नहीं सकते, वो तुम समझे नहीं." क्लासमध्ये सोडवलेला प्रश्न घरी जाऊन अशा माणसाला समजावून सांगायचा, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला पटला, तरच तो तुम्हाला आला. रंजिताला हे ऐकून आनंदच झाला, कारण बोलायला निमित्त मिळालं.

पहिल्या दिवशी तिनं बाबांना धरलं. मास्तर दिवसभर पन्नास पोरांशी घसा कोरडा करून आलेले, तिसऱ्या वाक्याला घोरायला लागले. मग आईला धरलं. आईनं ऐकता ऐकता तिच्यापुढं मटारची पिशवी ओतली आणि "बोल तू, बोल, हात चालू ठेव" म्हणत स्वतः दळण आणायला निघून गेली. उरली मालूआत्या.

मालूआत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. जैनाबादेत दिली होती, सव्विसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन तापी ओलांडून भावाकडे आली. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. या बत्तीस वर्षांत घरातला एक पापड, एक शेवई, एक बाळंतपण तिच्या हाताशिवाय झालं नाही. आत्या, हे वाळत घाल. आत्या, ते भिजत घाल. माणूस म्हणून तिला कुणी दुखवलं नाही, मास्तर तर आईसारखी मानत. पण हेही खरं, की तिच्याशी बोलायचं ते कामापुरतंच, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

रंजिता तिच्यापुढं वही घेऊन बसली तेव्हा आत्या आधी बिचकलीच.

"दिवसा गोष्ट सांगू नये वं पोरी. मामा रस्ता भुलते."

"गोष्ट नाही गं आत्या, कोर्स आहे. आणि मामा मोबाईलवर नकाशा बघून येतो, तो कशाला भुलतोय."

"मंग सांग," आत्या म्हणाली आणि सूप मांडीवर घेऊन सरसावून बसली.

रंजितानं सांगायला घेतलं, आणि पहिल्याच वाक्याला आत्याच्या तोंडून आलं, "हं." दुसऱ्या वाक्याला, "हं, मंग?" आत्याच्या लहानपणी तिचे बापू अंगणात गोष्टी सांगायचे आणि हुंकारा देण्याचं काम या लेकीकडं. हुंकारा थांबला की बापू गोष्ट थांबवायचे, मग राजा वाघाच्या तोंडात का असेना. ती सवय इतकी वर्षं आत पडून राहिली होती. सांगणारंच कुणी नव्हतं, तर हुंकारा देणार कुणाला?

त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच. रोज तिसऱ्या प्रहरी इकडं सुपात डाळ, तिकडं वहीत प्रोग्रॅम. रंजितानं अॅरे समजावला तो फळीवरच्या डब्यांवरून: पहिला डबा, दुसरा डबा, प्रत्येकात काहीतरी, आणि मोजणी शून्यापासून. "शून्यापासून कायले?" यावर आत्यानं दोन दिवस वाद घातला. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "पहिल्या डब्याले पहिला म्हनाची लाज वाटते का तुमाले?" पण हुंकारा सोडला नाही. आणि मधूनच असं काही विचारायची की रंजिता पेन्सिल चावत बसायची. हा आकडाच नसला तं? दोघांचं नाव एकच निघालं तं? रेशनच्या रांगेत जन्म काढलेली बाई, कुठं काय अडू शकतं हे तिला बरोबर दिसायचं. दोन वर्षांत रंजिता क्लासात पहिली आली. सर विचारायचे, "किसके साथ प्रॅक्टिस करती है?" ती म्हणायची, "घर पे ही, सर."

मग फेब्रुवारीत इंदूरच्या एका कंपनीची भरती निघाली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली चौदाशे पोरं आणि घ्यायची नऊ. पहिली परीक्षा ऑनलाईन, घरबसल्या, दीड तास, तीन प्रश्न. पण अटी अशा की तुरुंग बरा. कॅमेरा चालू, माईक चालू. खोलीत एकटं बसायचं. दुसरा माणूस दिसता कामा नये, जागेवरून उठता कामा नये. गडबड सापडली तर परीक्षा बाद, वर दोन वर्षं कंपनीचं दार बंद आणि कॉलेजला पत्र. रंजिताला जागतेपणी तेच दिसायला लागलं. तिला ही नोकरी हवी होती, इतकी हवी होती की तिनं बारा दिवस जिलबी सोडली.

घरात युद्धाची तयारी झाली. आदल्या दिवशी मास्तर अन्सारीचाचांकडे गेले. चाचा म्हणाले, "बेटी का इम्तिहान है मास्टरजी, लूम क्या चीज है," आणि रविवारी अकरा ते साडेबारा आठही लूम बंद ठेवायचं कबूल केलं. निर्मलाबाईंनी कुकर लावायचा नाही असं ठरवलं. मास्तर स्वतः गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि भाजीवाल्याला, भंगारवाल्याला हातानंच परतवू लागले. मालूआत्याला सगळ्यांनी तीन-तीनदा बजावलं की समोरच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. आत्या म्हणाली, "नाही ठेवत बाप्पा," आणि मागच्या खोलीत, पडद्याआड, डाळ निवडत बसली. तिनं शब्द पाळला. पाय ठेवला नाही.

पहिले दोन प्रश्न रंजितानं चाळीस मिनिटांत उडवले. तिसरा जरा चिवट होता. डब्यांची एक ओळ दिलेली, प्रत्येक डब्यात काही आकडे, प्रत्येकातला सगळ्यात मोठा शोधून त्यांची बेरीज करायची. आता ही पोरगी, तिला माहीत तरी होतं का आपण बोलतोय ते?

"पहिला डबा उघडला," ती पुटपुटली. "त्यातला मोठा काढला."

पडद्याआडून आलं, "हं."

"तो बाजूला ठेवला. मग दुसरा उघडला."

"हं, मंग?"

"मग असंच शेवटपर्यंत, आणि बेरीज. झालं."

"आन् एखांदा डबा रिकामाच असला तं?"

"अरे हो!" रंजिता म्हणाली, आणि तिनं एक ओळ वर घातली, रिकामा असेल तर सोडून पुढं जा. दोघींपैकी एकीलाही आपण काय करून बसलो ते कळलं नाही. लूम चालू असते तर कुणाच्या बापाला ऐकू गेलं नसतं. पण त्या रविवारी इतवाऱ्यात अशी शांतता होती की डाळीतला खडा ताटात पडला तरी ऐकू यावा.

पेपर जमा केला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला आहे, निकाल राखून ठेवला आहे, मंगळवारी तीन वाजता व्हिडिओवर खुलासा करावा. रंजितानं ते दोनदा वाचलं. मग तिला तो "हं" आठवला आणि ती तिथंच डोकं धरून रडायला लागली.

आत्याला समजलं तेव्हा तिनं सूपच खाली टाकलं. "माय वो! म्या पोरीचं वाटोळं केलं." दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिनं स्वतःच उपाय काढला, "त्याहिले सांग, आमची आत्या मुकी हाय."

"मुकी आहे तर आवाज कुणाचा गं आत्या?" रडता रडता रंजिताला हसू आलं.

योगेंद्रसरांचा उपाय जास्त पक्का होता. खुलासा घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम इंदूरच्या, मराठी त्यांना कळणार नाही. "बोल देना, पीछे से खाने का पूछ रही थीं. खत्म." रंजितानं ते घोकलंसुद्धा. पण घोकताना एक काटा टोचत होता. नुसता हुंकारा असता तर गोष्ट वेगळी होती. ती रिकाम्या डब्याची ओळ आत्याची होती. आत्या बोलली नसती तर तिला ती सुचली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी ती अर्ध्या ताटावरून उठली. मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुमच्या वर्गातलं पोर कॉपी करताना सापडलं तर काय करता?" मास्तर म्हणाले, "खरं सांगितलं तर कमी मारतो." एवढंच बोलून ते पेपर तपासायला बसले.

मंगळवारी चाचांनी परत लूम बंद केले. तीन वाजता स्क्रीनवर मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्मा, चेहऱ्यावरची रेष हलेना. त्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकवलं. स्वतःचंच पुटपुटणं आणि मागून येणारं ते "हं, मंग?" ऐकताना रंजिताचे कान तापले.

"ये कौन हैं?"

"मेरी बुआ, मॅडम."

"सॉफ्टवेअर में हैं?"

"नहीं मॅडम. पापड़ बनाती हैं."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "और ये आखिर में क्या कह रही हैं?"

झालं. सरांनी दिलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. पडद्याआड मालूआत्या श्वास कोंडून उभी होती. रंजितानं एकदा पडद्याकडं पाहिलं, आणि खरं काय ते सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांचा अभ्यास, डाळ, हुंकारा, डबे. "उन्होंने पूछा, डिब्बा खाली हुआ तो? मुझे याद नहीं था मॅडम. वो लाइन उनकी है. तीसरे सवाल के नंबर मत दीजिए." इतकं बोलून तिला वाटलं की आता स्क्रीन काळी होणार आणि दोन वर्षं गेली.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बुआंना समोर आणा. आत्या पदर डोक्यावरून ओढत आली. हात जोडून मराठीतच म्हणाली, "बाई, गलती माही हाय. पोरगी सांगत होती, मंग हं म्हनाच लागते ना? नाही तं सांगनारं थांबून जाते." रंजितानं त्याचं हिंदी केलं. मॅडमनी मान हलवली. तिसऱ्या प्रश्नाचे गुण काढले जातील, त्या म्हणाल्या, आणि आत्ता इथं नवा प्रश्न सोडवायचा. बुआ घराबाहेर जातील. आत्या बिचारी चपला न घालताच बाहेर गेली आणि चाचांच्या ओट्यावर जाऊन बसली.

प्रश्न स्टेशनचा होता. दिवसभरात येणाऱ्या गाड्या, त्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा. एकही गाडी बाहेर खोळंबू नये म्हणून कमीत कमी किती फलाट लागतील?

रंजितानं सुरुवात केली आणि थांबली. समोर गप्प चेहरा, मागं रिकामी खोली. पुढचं पाऊल सुचेना. "पहले सब गाड़ियां टाइम से लगाईं," ती म्हणाली. काही नाही. "फिर जो गाड़ी आई, उसको एक प्लॅटफॉर्म दिया..." दोन मिनिटं अशीच गेली. ती परत पहिल्यापासून सांगायला लागली, या वेळी सावकाश, डाळ निवडणाऱ्या बाईला सांगावं तसं. पहिली गाडी आली. दुसरी आली, पहिली अजून उभीच आहे.

"हां, फिर?" मॅडम म्हणाल्या.

म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. चष्मा काढून पुसायला लागल्या. पण तेवढं पुरे झालं. रंजिताची गाडी सुटली ती थेट शेवटापर्यंत. एक सुटते त्याच मिनिटाला दुसरी आली तर काय, तेही तिनं आपणहून विचारलं आणि आपणच सोडवलं. शेवटी मॅडम एवढंच म्हणाल्या, "यहां टीम में बैठकर खूब बोलना पड़ता है. परीक्षा में मत बोला करो."

अकरा दिवसांनी मेल आला. नवांत नाव सातवं होतं, पण होतं. एक जूनपासून इंदूर. योगेंद्रसर दुकानातून गरम मावा जिलबी घेऊन धावत आले, चाचांनी लूमवरच्या कारागिरांना सुट्टी दिली, मास्तर ज्याला त्याला मेल दाखवत सुटले. समोरची खोली माणसांनी गच्च भरली. रंजितानं आत्याला शोधलं तर ती मागं, पडद्याआड, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. रंजितानं जिलबी पुढं केली. आत्यानं हात बाजूला सारला.

"गोड मंग खाईन. आधी मले सांग, त्या बाईनं मले भाईर काढलं, तवा तुले कोनता सवाल घातला? अकरा दिवस झाले, कोनी सांगितलाच नाही मले."

रंजिता हसली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. "एक स्टेशन होतं."

"हं."

"तिथं दिवसभर गाड्या यायच्या."

"हं, मंग?"

"पहिली गाडी आली, तिला एक फलाट दिला. ती उभी आहे तोवर दुसरी आली."

हुंकारा आला नाही. रंजितानं वर पाहिलं. आत्या घडी तशीच हातात धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"काय झालं आत्या? हं म्हण ना. तू हं म्हटलं नाहीस तर मी पुढं कशी जाऊ?"

"जाशीन वं," आत्या म्हणाली. "तू जाशीन. इंदोरले एवढी मानसं हाय, तुले कोनी ना कोनी हं म्हनीन. त्या बाईनंच म्हनलं ना, तूच तं सांगितलं?" तिनं पदरानं नाक पुसलं. "बत्तीस वर्सं झाली पोरी या घरात. सगळ्याहिनं मले कामं सांगितली. समोर बसून समजावून सांगितलं ते तूच एकलीनं. आता मले कोन सांगीन?"

सुटीत येईन, फोनवर सांगेन, असलं काहीबाही रंजिताच्या तोंडाशी आलं, पण ते तिला स्वतःलाच खरं वाटेना. समोरच्या खोलीतून आई हाका मारत होती, फोटो काढायला सगळे थांबलेत म्हणून. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आत्याच्या हातातली घडी काढून बाजूला ठेवली, आणि पहिल्या गाडीपासून परत सांगायला लागली.